घरच्या स्वराज्याचा प्रश्न

जालना जिल्ह्याच्या आठहि तालुक्यांत, अंबडापासून जाफराबादेपर्यंत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर एक देखावा वारंवार दृष्टीस पडतो. बाप वारून सहा महिने, वर्ष झालेलें असतें. भाऊ मोटार करून बहिणींना सासरहून घेऊन आलेला असतो. बहिणींच्या अंगावर भावानें घेतलेलीं नवीं लुगडीं असतात आणि पिशवींत आधारपत्रें व छायाचित्रें असतात. दस्तलेखक कागद वाचून दाखवितो, किंवा वाचल्यासारखें करितो. बहिणी सह्या करितात, यंत्रावर बोटांचे ठसे उमटतात, आणि वडिलार्जित जमिनींतील त्यांचा हिस्सा भावाच्या नांवें होतो. मोबदला कांहीं नाहीं, मुद्रांकशुल्क नाममात्र. दुपारीं सर्व मंडळी एकत्र जेवतात व संध्याकाळीं ज्या त्या आपापल्या सासरीं परत जातात. या कागदास हक्कसोडपत्र म्हणतात. तो राजीखुषीनें, अक्कलहुशारीनें व नशापाणी न करितां लिहून दिला आहे असें त्यांतच लिहिलेलें असतें. वकिलीच्या धंद्यांत असे दस्त आमच्या वाचण्यांत इतके आले आहेत कीं त्यांतील शब्द आम्हांस आतां तोंडपाठ झाले आहेत. परंतु त्यांतील 'राजीखुषी' या शब्दापाशीं आमची नजर अजूनहि अडते.

कोणी विचारील कीं, बहीण देते, भाऊ घेतो, दोघेंहि आनंदांत आहेत. मध्यें वर्तमानपत्रानें तोंड घालण्याचें कारण काय? कारण असें कीं, ज्या व्यवहारांत नकाराची किंमत अतोनात असते त्यांतील होकारास खुषी म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग आहे. बहिणीनें सही नाकारली तर कायद्यानें तिचें कोणी कांहीं करूं शकत नाहीं. परंतु माहेर तुटतें. माहेर तुटणें म्हणजे काय हें पुरुषांस सांगून कळणें कठीण आहे. माहेर म्हणजे बाळंतपण, माहेर म्हणजे दिवाळी आणि भाऊबीज, माहेर म्हणजे सासरच्या माणसांना असलेला थोडासा धाक. नवऱ्यानें हात उगारला तर ज्या दाराशीं जाऊन उभें राहावयाचें तें दार म्हणजे माहेर. त्या दाराची किल्ली भावाच्या हातीं आहे हें बहीण जाणते व भाऊहि जाणतो. म्हणून कागदांत मोबदल्याच्या रकान्यांत शून्य लिहिलेलें असलें तरी मोबदला शून्य नसतो. दहा एकरांच्या बदल्यांत बहीण माहेरीं येण्याजाण्याचा हक्क विकत घेते, आणि तोहि भावाची मर्जी व भावजयीचा स्वभाव अनुकूल राहील तोंवरच. इतका महाग व इतका कच्चा सौदा कोणताहि शहाणा पुरुष करणार नाहीं.

आणि हा हक्क तिला मिळाला कसा, हेंहि एकदां हिशेब मांडून पाहावें. एका कुटुंबाची तीस एकर वडिलार्जित जमीन आहे. बाप, दोन मुलगे व एक मुलगी आहे. आई आधींच वारलेली आहे असें धरूं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या मूळ सहाव्या कलमाप्रमाणें बाप वारला म्हणजे प्रथम एक काल्पनिक वांटणी धरावयाची. तींत बापाचे दहा एकर व प्रत्येक मुलाचे दहा एकर. मुलगी सहदायाद नसल्यामुळें तिच्या वांट्यास कांहीं नाहीं. मग बापाच्या त्या दहा एकरांचे तिघां मुलांत सारखे भाग. म्हणजे मुलीस सवातीन एकरांहून थोडी अधिक व प्रत्येक मुलास सवातेरा एकरांहून थोडी अधिक; एका बापाच्या पोटचीं लेंकरें, परंतु मुलगा मुलीच्या बरोबर चौपट. ज्या हिंदु संहितेच्या मसुद्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर झगडले, आणि तो बाजूस सारला गेला म्हणून ज्यांनीं १९५१ सालीं मंत्रिपद सोडलें, त्या मसुद्याचे पुढें तुकडे होऊन जें पदरांत पडलें तें असें होतें. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलीस सहदायाद केलें, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींना वगळलें. म्हणजे बहुतेक सगळ्या सज्ञान स्त्रियांना वगळलें. ९ सप्टेंबर २००५ रोजीं संसदेनें ती अट काढून सर्व मुलींस जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. तरीहि बाप त्या तारखेस जिवंत होता कीं नव्हता यावर पंधरा वर्षें कज्जे चालले, आणि अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं हक्क जन्मानें येतो, बापाच्या हयातीशीं त्याचा संबंध नाहीं. डिसेंबर २००४ पूर्वीं ज्या वांटण्या रीतसर होऊन गेल्या त्या तशाच राहिल्या. बाकीच्या ठिकाणीं त्याच तीस एकरांत आतां तिघांना दहा-दहा एकर येतात. चौपटीची बरोबरी होण्यास १९५६ पासून २००५ पर्यंत एकोणपन्नास वर्षें लागलीं. ती बरोबरी पुन्हां मोडण्यास निबंधकाच्या कचेरींत अर्धा तास पुरतो.

या बाबतींत जे आक्षेप घेतले जातात ते आमच्या कानांवर नेहमींच येतात. पहिला असा कीं, मुलीच्या लग्नांत हुंडा दिला, मानपान केला, तोच तिचा हिस्सा. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे हें सोडून देऊं. पण जो पैसा सासऱ्याच्या, नवऱ्याच्या हातांत पडला व ज्याची मोटारसायकल झाली किंवा नणंदेचें लग्न झालें, तो मुलीस मिळाला असें कोणत्या हिशेबानें म्हणावयाचें? हुंडा मुलीला मिळत नसतो, तो तिच्याबरोबर जात असतो. दुसरा आक्षेप असा कीं, मुलींना जमीन दिली तर तिचे तुकडे होतील. दोन भावांत वांटतांना तुकडे होत नाहींत काय? चार भाऊ असले तर कोणी असें म्हणतो काय, कीं धाकट्या तिघांनीं जमीन अखंड राहावी म्हणून हक्क सोडावेत? तुकड्यांची भीति नेमकी बहिणीपाशींच आठवते. तिसरा आक्षेप असा कीं, बहीण दूर सासरीं, ती शेत कसणार कशी? परंतु जो भाऊ पुण्यास नोकरी करितो व गांवची जमीन ठोक्यानें देतो, त्याचें नांव सातबाऱ्यावरून कोणी काढिलें नाहीं. मालकी कसण्यावर अवलंबून असती तर शेतांत वाकून निंदणी-खुरपणी करणाऱ्या, कापूस वेंचणाऱ्या बायकाच या जिल्ह्याच्या मालकिणी ठरल्या असत्या.

समृद्धि महामार्गानें या प्रश्नावरील पांघरूण थोडें ओढून काढिलें. हा रस्ता जालना व बदनापूर तालुक्यांतून गेला, आणि जेथें वर्षानुवर्षें कोरडवाहू जमिनीस कोणी विचारीत नव्हतें तेथें मोबदल्याच्या मोठमोठ्या रकमा आल्या. सर्व हिस्सेदारांच्या संमतीवांचून खरेदीखत निर्वेध होईना, तेव्हां ज्या बहिणींचीं नांवें कुटुंब विसरलें होतें तीं एकाएकीं आठवूं लागलीं. कांहीं घरांत तोडगा निघाला, कांहीं घरांत कज्जे उभे राहिले, आणि अनेकांनीं बहिणींस लोभी म्हटलें. जो आपला भाग मागतो तो लोभी आणि जो दुसऱ्याचा भाग ठेवून घेतो तो कुटुंबवत्सल, अशी ही नवी नीति आहे. येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. २०२४ सालापासून राज्य सरकार भाऊ होऊन 'लाडक्या बहिणी'स दरमहा पंधराशें रुपये तिच्या स्वतःच्या खात्यांत जमा करूं लागलें. त्या रकमेचें बरेंवाईट येथें बोलण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु सख्खा भाऊ ज्या दिवशीं दहा एकरांवर सही घेतो, त्याच महिन्यांत सरकारी भाऊ पंधराशें पाठवितो, हा योग पाहून हंसावें कीं रडावें हें कळेनासें होतें.

आतां मोठ्या आक्षेपाकडे वळूं. हा सारा विचार परकी आहे, स्त्रीस्वातंत्र्य हें पाश्चात्यांचें खूळ आहे आणि आपल्या एकत्र कुटुंबाच्या परंपरेला तें सुरुंग लावतें, असें मोठमोठे देशाभिमानी म्हणवणारे लोक बोलतात. आम्ही स्वतःस देशाभिमानी समजतों, म्हणूनच याचें उत्तर देणें आम्हांस भाग आहे. ज्या मिताक्षरेवर आपलें सहदायाद कुटुंब उभें आहे, ती विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहून लिहिली. तें कल्याणी आज कर्नाटकांत बीदर जिल्ह्यांत आहे, आणि १९५६ पर्यंत जालना व तें एकाच हैदराबाद संस्थानाच्या, पुढें राज्याच्या, सीमेंत होतें. स्त्रीधन कशास म्हणावें हें सांगतांना या विज्ञानेश्वरानें वारशानें, खरेदीनें, वांटणीनें स्त्रीस मिळालेलें धनहि त्यांत घेतलें आहे. त्या व्याख्येचा संकोच कोणी केला? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें. एकोणिसाव्या शतकांत सात समुद्रांपलीकडे बसलेल्या न्यायाधीशांनीं ठरविलें कीं वारशानें आलेल्या मिळकतीवर हिंदु विधवेचा केवळ हयातीपुरता मर्यादित हक्क आहे. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं कन्येच्या बाबतींत अधिक उदार मार्ग धरला आणि बापाकडून आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची मानली, हा आपल्या इकडील परंपरेचाच प्रभाव होय. तेव्हां स्त्रीची मालकी हें परकी खूळ नसून तिची मर्यादित मालकी हीच परक्यांच्या न्यायासनावर पक्की झालेली वस्तु आहे. १९५६ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमानें ती मर्यादा उठविली. यावरून प्राचीन काळीं सर्व कांहीं आलबेल होतें असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्याच मिताक्षरेनें जन्मतः हक्क पुत्रास दिला, कन्येस दिला नाहीं. परंपरेंत दोन्ही धागे आहेत. पुढच्या पिढीस कोणता धागा द्यावयाचा हें ठरविणें जिवंत माणसांच्या हातीं आहे.

आणि परंपरेच्या नांवानें बोलणाऱ्यांनीं आपल्या शेजारच्या बुलढाण्याकडे पाहावें. जालन्याहून देऊळगांव राजा, चिखली ओलांडलें कीं तें गांव येतें. तेथें राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुष तुलना' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली. पुढें ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. आणि त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. त्या आगीला ताराबाईंनीं उत्तर दिलें. त्यांचे वडील सत्यशोधक समाजाचे सभासद होते, पण पुस्तकांतील धार त्यांची स्वतःची आहे. त्या काळचे सुधारक विधवेच्या केशवपनाबद्दल, पुनर्विवाहाबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल कळवळून बोलत होते, आणि तें योग्यच होतें. परंतु त्या कळवळ्यांत स्त्री ही दयेचा विषय होती. ताराबाईंनीं दयेची भाषा टाकून तुलनेची भाषा धरली. जे दुर्गुण स्त्रीचे म्हणून सांगतां ते पुरुषांत किती आहेत तें मोजा. पतिव्रतेचे जे नियम आहेत ते पतीसहि लावून पाहा. असा त्यांचा रोख होता. म्हणजे विधवेच्या खोलीवरून त्यांनीं बोट उचललें आणि तें सधवेच्या ओसरीवर, रोजच्या नवऱ्यावर ठेविलें. हें लोकांस मानवलें नाहीं. सत्यशोधक मंडळींपैकींहि कांहीं रागावले, तेव्हां १८८५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू घेतली. पुढें पुस्तक जवळजवळ विस्मृतींत गेलें, तें १९७५ सालीं डॉ. स. गं. मालशे यांनीं पुन्हां छापून बाहेर काढिलें. नव्वद वर्षें तें कोठें होतें? जीं पुस्तकें घरांतल्या मालकास टोंचतात तीं घरांत टिकत नाहींत, एवढेंच.

याच जिल्ह्यांतील जांब येथें समर्थ रामदासांचा जन्म झाला. 'सावधान' हा शब्द कानीं पडतांच ते बोहल्यावरून निघून गेले ही आख्यायिका आपण सर्वांनीं बाळपणापासून आदरानें ऐकली आहे, आणि समर्थांबद्दलचा आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. परंतु अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. तिचें नांव कथेकऱ्यांच्या तोंडीं नसतें, आणि श्रोत्यांपैकीं कोणी तें विचारीतहि नाहीं.

सुधारणेच्या वादांत 'आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक' हा झगडा महाराष्ट्रानें आगरकरांच्या काळापासून ऐकला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास लोकमान्यांनीं जो विरोध केला त्याचा मुख्य आधार हा होता कीं परकी सरकारास आमच्या घरांत शिरण्याचा अधिकार नाहीं. त्या काळीं तो मुद्दा अगदींच टाकाऊ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु १९४७ सालीं देश आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा स्वतंत्र झाल्यानंतर तो आधारच नाहींसा झाला. कायदा आतां आपला, कायदेमंडळ आपलें, न्यायासन आपलें. आणि घर मात्र अजून संस्थान राहिलें आहे. त्यांत राजा एक, आणि बाकीची रयत. निजामाच्या राज्यांत रयतेस वर्तमानपत्र काढण्यास, सभा भरविण्यास परवानगी लागे म्हणून आपण संतापलों. आज कित्येक घरांत सुनेस माहेरीं फोन करण्यास, स्वयंसहायता गटाच्या बैठकीस जाण्यास, स्वतःच्या मजुरीचे पैसे खर्च करण्यास परवानगी लागते, आणि त्याबद्दल आपणांस कांहींच वाटत नाहीं.

घरांतील कामाचेंहि असेंच आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर लोकांचा वेळ कोणत्या कामांत जातो याची पाहणी केली. घरांतील बिनमोल कामांत दिवसाकाठीं शंभरांतील ८१ स्त्रिया गुंतलेल्या आढळल्या, पुरुष २६. आणि जे गुंतले होते त्यांतहि स्त्रीचीं सरासरी २९९ मिनिटें, पुरुषाचीं ९७. पांच वर्षांनीं, २०२४ सालीं, पुन्हां पाहणी झाली तेव्हां स्त्रीचीं २८९ व पुरुषाचीं ८८ भरलीं. स्त्रीचीं दहा मिनिटें कमी झालीं ही आनंदाची गोष्ट. पण पुरुषाचींहि नऊ कमी झालीं, म्हणजे तीं दहा मिनिटें पुरुषानें उचलली नाहींत. गॅसच्या शेगडीनें, नळानें किंवा यंत्रानें तीं वांचलीं असावींत. यंत्र आलें, तरी नवरा आला नाहीं! ज्या जालना जिल्ह्यांत २०१२-१३ च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेथें पाणी हें किती मिनिटांचें काम असतें हें कोणत्याहि सरासरीवरून कळणार नाहीं. टँकरच्या मागें घागर घेऊन धावणाऱ्यांत पुरुष किती होते हें त्या वर्षीं ज्यांनीं पाहिलें त्यांनींच सांगावें.

या कामास सरकारच्या हिशेबांत फार दिवस किंमत नव्हती. २००१ च्या जनगणनेंत घरकाम करणाऱ्या स्त्रिया भिकारी, वेश्या व कैदी यांच्या पंक्तीस 'काम न करणाऱ्यां'त बसविल्या गेल्या होत्या. २०१० सालीं अरुणकुमार अग्रवाल यांच्या अपघात-भरपाईच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यावर कडक शब्दांत टीका केली. मोटार अपघातांत गृहिणी मेली तर तिची किंमत किती धरावी याचा जुना कायदेशीर कोष्टकांतील नियम नवऱ्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा असा होता. म्हणजे एकच भाकरी, तेंच धुणें, तेंच पाणी. पण वकिलाच्या बायकोचें महाग आणि सालदाराच्या बायकोचें स्वस्त. जानेवारी २०२१ मध्यें कीर्ति यांच्या खटल्यांत न्यायालयानें वरील पाहणीचेच आंकडे निकालांत घालून गृहिणीच्या श्रमाची किंमत धरलीच पाहिजे असें ठासून सांगितलें. निकाल उत्तम आहेत. परंतु त्यांतील विषाद असा कीं, बाईच्या कामाची किंमत ठरते ती ती मेल्यावर, आणि मिळते ती नवऱ्यास व मुलांस.

जिवंतपणीं तिच्या श्रमाचें काय होतें याचें सर्वांत उघडें उदाहरण या जिल्ह्यांत ऊसतोडीच्या धंद्यांत दिसतें. त्या धंद्यांत 'कोयता' हें नुसतें हत्याराचें नांव नाहीं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटें माणूस म्हणजे अर्धा कोयता. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें बिऱ्हाड गाडींत घालून पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. निघण्यापूर्वीं मुकादम जोडीस उचल देतो. ती जोडीची असते, पण घेतो नवरा, वहींत नांव नवऱ्याचें, अंगठा नवऱ्याचा. फेडते मात्र जोडी. बाई पहाटेच्या अंधारांत उठून भाकऱ्या थापते, पाणी आणिते, लेंकरूं पाठीशीं घेऊन फडांत जाते. पुरुष ऊस तोडतो, ती पाचट साळते, मोळ्या बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढून गाडी भरते. रात्रीं कोपीवर परत आल्यावर पुरुषाचा दिवस संपतो, तिचा पुन्हां चुलीपासून सुरू होतो. एखादा दिवस काम चुकलें तर खाडा लागतो. तो दंडहि जोडीस. महिन्याच्या त्या चार दिवसांतहि खाडा परवडत नाहीं. शेजारच्या बीड जिल्ह्यांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार होऊं लागल्याची ओरड झाली तेव्हां २०१९ सालीं सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. सुमारें ब्याऐंशीं हजार ऊसतोड स्त्रियांची विचारपूस झाली, त्यांत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढिलेलीं आढळलीं. डॉक्टरांचा लोभ, मुकादमाची घाई, दारिद्र्य, अज्ञान हीं कारणें सर्वांनीं सांगितलीं. आम्ही त्यांत आणखी एक घालतों: जिचें नांव मजुरीच्या वहींतच नाहीं, तिच्या आजारपणाचा रकाना त्या वहींत कोठून येणार?

बालविवाहाचें मूळहि कांहीं अंशीं येथेंच आहे. मुलगा वयांत आला कीं त्यास पूर्ण कोयता होण्यासाठीं बायको हवी. मुलगी वयांत आली कीं आईबाप सहा महिने बाहेर असतांना तिला कोणाच्या भरंवशावर ठेवावी ही काळजी. दोन्ही बाजूंची गरज मांडवांत येऊन मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठराच्या आंत लग्न झालेल्यांचें प्रमाण सबंध महाराष्ट्रांत २१.९ टक्के निघालें. परभणी, बीड यांसारख्या मराठवाड्यांतील जिल्ह्यांत तें याहून कितीतरी अधिक होतें. शारदा कायदा होऊन शतक पुरें होण्यास फार वर्षें उरलेलीं नाहींत.

जमीन असो कीं उचल, दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे: कुटुंब हा एक जीव आहे, त्याचें हित एक आहे, आणि कर्ता पुरुष तें जाणतो. जॉन स्टुअर्ट मिलनें १८६९ सालीं स्त्रियांच्या दास्यावरील ग्रंथांत या समजुतीवर घाव घातला; त्याच मिलचा आपल्या पहिल्या पिढीच्या सुधारकांवर संस्कार होता. अलीकडे अमर्त्य सेन यांनीं कुटुंबांत सहकार आणि संघर्ष एकाच छपराखालीं नांदतात हें अर्थशास्त्राच्या भाषेंत मांडलें, आणि बीना अग्रवाल यांनीं १९९४ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं ज्या स्त्रीच्या नांवावर जमीन आहे तिच्या शब्दास घरांत वजन येतें. पंडितांनीं हें आतां सिद्ध केलें. खेड्यांतील म्हाताऱ्या सासवा तें फार पूर्वींपासून जाणतात, म्हणूनच त्या स्वतःच्या अंगावरचे डाग शेवटपर्यंत कोणाच्या हातीं देत नाहींत.

महाराष्ट्रांत या दिशेनें एक चांगलें पाऊल शेतकऱ्यांच्या चळवळींतूनच पडलें होतें. १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें, आणि पुढें शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची हांक देऊन शेतकऱ्यांस सांगितलें कीं घरच्या लक्ष्मीचें देणें फेडा, कांहीं जमीन तिच्या नांवें करा. कर्जमुक्ति मागणाऱ्या पुरुषांना त्यांच्या स्वतःच्या घरांतील कर्जाची आठवण करून देण्याचें हें धाडस मोठें होतें. अनेक गांवांनीं तें ऐकलें. १९९२ सालीं सरकारनेंहि नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचें नांव सातबाऱ्यावर लावण्याचा निर्णय काढिला. पण तो नवऱ्याच्या अर्जावर अवलंबून! गोव्यांत तसें नाहीं. तेथें पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यानें, विवाहापूर्वीं वेगळा करार केला नसेल तर, नवराबायको संसाराच्या मिळकतीचे निम्मे-निम्मे मालक होतात आणि स्थावर विकावयाचें तर दोघांची संमति लागते. त्या कायद्यांत दोष नाहींत असें नव्हे. परंतु गोमंतकांतील मराठी कुटुंबें त्यामुळें मोडून पडलीं असें आम्हीं ऐकलेलें नाहीं. इकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नांवापुढें आईचें नांव लिहिण्याची सक्ति झाली. आईचें नांव शाळेच्या दाखल्यावर आलें. सातबाऱ्यावर येण्यास काय हरकत आहे?

आमच्या मतें दोन गोष्टी तत्काळ होण्यासारख्या आहेत व त्यांस नवीन कायद्याचीहि मोठीशी गरज नाहीं. साखर कारखान्यांनीं व मुकादमांनीं जोडीच्या उचलीचे व मजुरीचे दोन भाग करून बाईचा भाग बाईच्या खात्यांत भरावा व वहींत तिचें नांव स्वतंत्र लिहावें. पंधराशें रुपयांसाठीं खेडोपाडीं बायकांचीं खातीं उघडलीं गेलीं आहेतच. तेव्हां खातें नाहीं ही सबब उरलेली नाहीं. दुसरें असें कीं, हक्कसोडपत्र नोंदवितांना निबंधकानें बहिणीस भावाच्या व दस्तलेखकाच्या गैरहजेरींत बोलावून, सोडलेल्या जमिनीचें क्षेत्र व सरकारी दरानें होणारी किंमत तिला तोंडानें सांगावी आणि मगच सही घ्यावी. इतकें ऐकूनहि जी बहीण सोडील तिचें औदार्य खरें मानण्यास आम्ही तयार आहों.

ज्या बहिणींच्या सह्या आधींच झाल्या आहेत त्यांस एवढें सांगतों. सही दडपणाखालीं, अनुचित वजन टाकून किंवा फसवून घेतली गेली असेल तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें असा दस्त रद्द करून मागतां येतो. त्यासाठीं दावा लावण्याची मुदत, रद्द करून घेण्यास आधारभूत होणारी हकीकत कळल्यापासून तीन वर्षांची आहे. आणि विधि सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोणत्याहि स्त्रीस, तिची मिळकत कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. त्याकरितां जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. तो मराठींत चालतो.